पाच रुपयांचा पुडा, पंधरा रुपयांची भाकरी

किमतीत किती ताकद असते हे सीमाभागातल्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. कोल्हापूरहून खाली येणारा ट्रकवाला वर्षानुवर्षं कागलला टाकी न भरता कोगनोळीचा नाका ओलांडून निपाणीच्या बाजूला भरत आला, कारण तिथे डिझेल स्वस्त पडायचं. गोव्यातली दारू चोर्ला घाटातून वर येते म्हणून कणकुंबीला गाड्या तपासल्या जातात. चार पैसे वाचवायला माणूस राज्याची हद्द ओलांडतो हे आपण रोज पाहतो. पण हाच माणूस लठ्ठ झाला की आपण किंमत विसरतो आणि त्याच्या जिभेला बोल लावतो. ‘तोंडावर ताबा नाही’, ‘तेलकट सोडवत नाही’, ‘चालायला जात नाही’. दवाखान्यात हेच ऐकायला मिळतं, घरात हेच, आणि लग्नाच्या पंगतीतही हेच.

मला हे खरं वाटत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कर्नाटकातल्या २३.३ टक्के स्त्रिया आणि २२.१ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा स्थूल होते. २०१९-२१ च्या फेरीत हेच आकडे ३०.१ आणि ३०.९ टक्क्यांवर गेले. चार-पाच वर्षांत एका अख्ख्या राज्याचा मनोनिग्रह ढासळत नाही. त्याच फेरीत पाच वर्षांखालच्या ३५.४ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. एकाच राज्यात, पुष्कळदा एकाच घरात, आईचं वजन वाढतंय आणि पोराची उंची वाढत नाही. हा जास्त खाण्याचा आजार असता तर असं झालं नसतं. पोट भरणारं पण अंगी न लागणारं अन्न स्वस्त झालं आणि अंगी लागणारं अन्न हाताबाहेर गेलं, असा याचा अर्थ मी लावतो.

‘चांगलं अन्न महाग असतं’ असं आपण सहज म्हणून जातो. दहा रुपयांचा हिशेब मांडला की गोष्ट इतकी सरळ नाही हे दिसतं. पाच रुपयांचे बिस्किटांचे दोन पुडे घेतले तर साधारण शंभर ग्रॅम माल येतो, म्हणजे साडेचारशेच्या आसपास कॅलरी. टोमॅटो किलोला ३० रुपये धरले तर दहा रुपयांत तीनशे-साडेतीनशे ग्रॅम मिळतात आणि कॅलरी जेमतेम ६५. मेथीच्या पेंडीचंही तसंच. ज्याला दिवसभर राबायचं आहे तो दहा रुपयांत मेथी घेणार नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही. पण आता जोंधळा धरू. किलोला ५० रुपये धरला तर दहा रुपयांत दोनशे ग्रॅम येतो आणि त्यातून साडेसहाशेच्या वर कॅलरी मिळतात, शिवाय तंतू, लोह आणि प्रथिनंही. म्हणजे रुपयामागे पोट भरण्याच्या हिशेबात जोंधळा बिस्किटाच्या पुढे आहे. शेंगदाणे आणि फुटाणेही फार मागे नाहीत.

मग माणूस जोंधळा सोडून पुडा का घेतो? कारण जोंधळा खाता येत नाही, भाकरी खाता येते. जोंधळा आणि भाकरी यांच्या मध्ये निवडणं आहे, गिरणी आहे, गॅस आहे, तापलेल्या तव्यासमोर तासभर उभं राहणं आहे, आणि हे सगळं करणारी एक बाई आहे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपमध्ये आठ तास उभी राहून सुटलेली, निपाणीत दिवसभर विड्या वळून कंबर धरलेली, किंवा उसातली भांगलण करून दिवेलागणीला घरी पोचलेली. आजवर तिच्या त्या तासाची किंमत शून्य धरली जात होती म्हणून भाकरी स्वस्त होती. आता ती बाहेर मजुरी मिळवते आणि त्या तासाला भाव आला आहे. आलाच पाहिजे. तयार भाकरी विकत घ्यायला गेलं तर एकीला दहा-पंधरा रुपये पडतात. पाच माणसांच्या घरात एका वेळच्या भाकऱ्यांचेच दीडशे रुपये होतात. पुडा मात्र तयार असतो, टिकतो, पोराच्या हातात देता येतो, आणि पाच रुपयांत येतो. अन्नाच्या किमतीची चर्चा करताना आपण किलोचा भाव पाहतो. माणूस मात्र ताटात पडायला तयार असलेल्या घासाचा भाव पाहून ठरवतो. कच्च्या मालात चांगलं अन्न स्वस्त आहे आणि तयार मालात महाग. सगळी लढाई तयार मालात हरली जाते आहे.

घरगुती उपभोग खर्चाच्या सरकारी पाहणीत हे स्पष्ट दिसतं. २०२३-२४ मध्ये देशातल्या खेड्यांत कुटुंबाच्या एकूण खर्चापैकी ९.८४ टक्के आणि शहरांत ११.०९ टक्के पैसे पेयं, बाहेरचं खाणं आणि तयार पदार्थ यांवर गेले. अन्नावरच्या खर्चात हा सर्वात मोठा गट ठरला. धान्य, भाजी आणि दूध प्रत्येकी त्याच्या मागे. ही शहरी श्रीमंतांची हौस आहे असं आता म्हणता येणार नाही. खानापूरच्या आतल्या गावात जा, जांबोटीकडच्या वाडीत जा. जिथे भाजीवाला आठवड्यातून एकदा बाजाराला येतो, तिथेही दारावर रंगीत पाकिटांच्या माळा रोज लटकलेल्या असतात.

तयार आणि कारखान्यात घडवलेलं अन्न माणसाला आपोआप जास्त खायला लावतं, याचा चांगला पुरावा अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या २०१९ च्या प्रयोगात मिळाला. वीस माणसांना चार आठवडे संस्थेतच ठेवून, दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं, ताजं शिजवलेलं. दोन्ही ताटांत वाढलेली साखर, स्निग्धांश, मीठ आणि तंतू सारखेच ठेवले होते. हवं तेवढं खायची मुभा होती. कारखान्याच्या अन्नावर माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत त्यांचं वजन जवळपास एक किलोने वाढलं. त्याच प्रयोगातला दुसरा आकडा आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. दिवसाला दोन हजार कॅलरींच्या हिशेबाने आठवड्याचं सामान घेतलं तर कारखान्याच्या अन्नाला १०६ डॉलर लागत होते आणि ताज्या अन्नाला १५१. स्वस्त ताट वजन वाढवत होतं आणि महाग ताट उतरवत होतं.

हे भाव आकाशातून पडत नाहीत. आपल्या जिल्ह्याइतकं ते दुसरीकडे कुठे ढळढळीत दिसत असेल असं मला वाटत नाही. बेळगाव हा कर्नाटकातला उसाचा मोठा जिल्हा. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, अथणी या पट्ट्यात ऊस हेच पैशाचं पीक आहे. साखरेचं शास्त्र शिकवणारी निजलिंगप्पा साखर संस्थाही बेळगावातच आहे. उसाला केंद्र सरकार दर वर्षी किमान दर बांधून देतं. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे. कारखान्यातून निघणाऱ्या साखरेलाही २०१९ पासून किलोला ३१ रुपयांचा किमान विक्री दर आहे. तरीही शेतकऱ्याला पुरत नाही म्हणून नोव्हेंबर २०२५ मध्ये गुर्लापूर फाट्यावर मोठं आंदोलन झालं आणि सरकारला तोडणी-वाहतुकीचा खर्च वगळून टनाला ३,३०० रुपयांचा तोडगा काढावा लागला. ते आंदोलन न्याय्य होतं. माझा प्रश्न वेगळा आहे. कडोलीच्या कोबीला, हलग्याच्या भाजीला, बेळगाव तालुक्यातल्या रताळ्याला असा कोणता दर बांधून दिलेला आहे? भाव पडला की कोबीच्या उभ्या पिकावर रोटर फिरवायचा, एवढाच उपाय शेतकऱ्याच्या हाती राहतो. मग पुढच्या वर्षी तो तिथे ऊस लावतो. ज्या जमिनीतून भाजी निघायची तिथून साखर निघू लागते. साखर दर वर्षी खात्रीने आणि स्वस्त मिळते म्हणून बिस्किटात, शरबतात, बाटलीत सढळ हाताने घालता येते. भाजी मात्र कधी पाच रुपये किलो आणि कधी ऐंशी. भाव स्थिर नसलेल्या वस्तूवर गरीब घर आपली सवय बांधू शकत नाही.

तांदळाचं तसंच. २०१३ पासूनच्या अन्नभाग्य योजनेने या राज्यातली भूक कमी केली, आणि त्या योजनेची टवाळी करणाऱ्यांना मी बाजूलाच ठेवतो. पण ज्या घरात तांदूळ फुकट येतो तिथे जोंधळा विकत घेताना हात आखडतो, हेही तितकंच खरं. उत्तर कर्नाटकाचं ताट जोंधळ्याचं. खानापूरच्या डोंगरपट्ट्यात नाचणीचं आणि भाताचं. ते ताट सरकारी किमतीने पांढऱ्या भाताकडे ढकललं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने जादा पाच किलो तांदळाऐवजी डाळ, तेल, साखर आणि मीठ असं किट द्यायचं ठरवलं. डाळीचं मी मनापासून स्वागत करतो. पण साखर आणि तेल? देशात माणशी वर्षाला १९ किलोच्या आसपास खाद्यतेल खाल्लं जातं आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा सल्ला १२ किलोचा आहे. याच परिषदेने २०२४ च्या आहार मार्गदर्शनात देशातल्या एकूण आजारांच्या ओझ्यापैकी ५६.४ टक्के ओझं सदोष आहारामुळे आहे असं नोंदवलं. त्या किटात साखरेच्या जागी शेंगदाणे आणि तांदळाच्या बदल्यात जोंधळा असता तर तेवढ्याच पैशांत वेगळं ताट उभं राहिलं असतं.

आता करांकडे येऊ. वाईट अन्नावर कर लावा म्हणजे लोक कमी खातील, हे बोलणं जगभर चालू आहे आणि त्याला आधारही आहे. मेक्सिकोने १ जानेवारी २०१४ पासून गोड पेयांवर लिटरला एक पेसो कर लावला, म्हणजे सुमारे दहा टक्के. पहिल्या वर्षात या पेयांची खरेदी सरासरी ६ टक्क्यांनी घटली, डिसेंबरपर्यंत घट १२ टक्क्यांवर गेली, आणि सर्वात गरीब घरांत ती १७ टक्के होती. बाटलीबंद पाण्याची विक्री वाढली. म्हणजे किंमत काम करते. पण किती करते याबद्दल भाबडेपणा नको. भारतासाठी २०१४ मध्ये केलेल्या एका अभ्यासात गोड पेयांवर २० टक्के कर लावला तर दहा वर्षांत जादा वजनाचं प्रमाण ३ टक्क्यांनी आणि नव्या मधुमेहींचं प्रमाण १.६ टक्क्यांनी कमी होईल असा अंदाज निघाला. १४० कोटींच्या देशात हे थोडं नाही. पण एवढ्याने लठ्ठपणा हटेल असं सांगणारा फसवतो आहे.

आपल्याकडे कर आधीच आहे, फक्त तो चुकीच्या जागी बसला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर आले. फसफसणाऱ्या गोड पेयांवर ४० टक्के. त्याच दिवशी बिस्किटं, चॉकलेट, आईस्क्रीम, फरसाण, भुजिया, इन्स्टंट नूडल्स हे सगळं ५ टक्क्यांवर आलं. फळांच्या रसाच्या नावाने विकली जाणारी, गॅस नसलेली गोड पेयंसुद्धा ५ टक्क्यांत. आंब्याचं चित्र असलेल्या बाटलीतली साखर आणि काळ्या पाण्याच्या बाटलीतली साखर शरीराला वेगळी कळत नाही, पण करखात्याला कळते. आणि ४० टक्क्यांत मोडणाऱ्या पेयात साखर दहा ग्रॅम असो, चार असो की अजिबात नसो, कर तेवढाच. मग कंपनी साखर कमी कशाला करेल? ब्रिटनने एप्रिल २०१८ पासून जो कर लावला तो साखरेच्या प्रमाणावर: शंभर मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅमच्या खाली असेल तर कर नाही, ५ च्या वर एक दर, ८ च्या वर त्याहून जास्त. कर लागू होण्याआधीच अनेक कंपन्यांनी आपली पेयं बदलली. तिथे लोकांची सवय बदलायची वाट पाहावी लागली नाही, बाटलीतला मालच बदलला. दक्षिण आफ्रिकेनेही त्याच वर्षी साखरेच्या ग्रॅमवर कर लावला. आपल्याला हाच रस्ता धरायला हवा. नाव कोणतंही असो, गॅस असो वा नसो, कर साखरेवर लागला पाहिजे. आणि पाकिटांच्या बाबतीत साखर, मीठ आणि स्निग्धांश तिन्हींवर.

टक्क्यांच्या कराचा आणखी एक दोष आपल्या किराणा दुकानात दिसतो. २००३ च्या सुमाराला एका बड्या कंपनीने २०० मिलिलिटरची बाटली पाच रुपयांना आणली आणि शीतपेय खेड्यात पोचलं. वीस वर्षांनी दुसऱ्या बड्या समूहाने तेवढीच बाटली दहा रुपयांना आणली तेव्हा स्पर्धा पुन्हा पेटली. या सगळ्या काळात कर जबर होता, तरी किंमत पोराच्या खिशात मावणारीच राहिली, कारण पैसा असलेली कंपनी कर काही काळ स्वतः सोसते. पाच रुपयांच्या पुड्याचं तर गणितच वेगळं आहे. किंमत हलत नाही, वजन हलतं. मैदा-तेल महागलं की पुड्यातलं वजन घटतं. सप्टेंबरमध्ये कर उतरला तेव्हा पाच-दहा रुपयांच्या पाकिटांत कंपन्यांनी वजन वाढवून दिलं. करसवलत म्हणजे आपल्या पोराच्या हातात त्याच पैशांत चार बिस्किटं जास्त. ही सवलत ज्यांनी दिली त्यांनी घरखर्च कमी व्हावा म्हणूनच दिली असेल. पण तेवढीच सवलत तयार भाकरीला, उकडलेल्या कडधान्याला, सोललेल्या फळाला मिळवून देण्याचा कुणी विचार केला का? पोळी-पराठ्यावरचा कर शून्य केला हे बरं झालं. पण आपल्याकडची भाकरी करणारी बाई मुळात जीएसटीत नाही. तिला करमाफीचा उपयोग नाही. तिला गॅस, गिरणी आणि गाळा स्वस्त हवा.

गाड्यांवरच्या खाण्याचा प्रश्न मला सर्वात अवघड वाटतो आणि त्यावर सोपी उत्तरं देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. संध्याकाळी बेळगावच्या कुठल्याही चौकात मिरची भजी, वडापाव, गोबी मंच्युरियन यांचे गाडे लागतात. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने गोबीतल्या कृत्रिम रंगावर बंदी आणली, ते योग्यच झालं. पण रंग गेला, तेल राहिलं. हे गाडे कराच्या जाळ्यात येत नाहीत आणि यायलाही नकोत, कारण त्यावर एक एक कुटुंब चालतं. त्यांच्यापर्यंत पोचणारी एकच किंमत आहे, तेलाची. बहुतेक तळण पामतेलात होतं आणि ते इंडोनेशिया-मलेशियाहून येतं, म्हणजे त्याचा भाव आयात शुल्कावर ठरतो. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलांवरचं शुल्क वाढवलं आणि मे २०२५ च्या अखेरीला पुन्हा उतरवलं. शुल्क वाढवलं तर तळण महाग होईल आणि लोक कमी खातील, असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात तेल महागलं की गाडेवाला तेच तेल आणखी दोन दिवस वापरतो. गिऱ्हाईक तेवढंच खातं आणि जास्त वाईट तेल खातं. इथे किमतीचं हत्यार चालवू नये. तळलेल्या तेलाच्या खराबीला २५ टक्क्यांची मर्यादा कायद्यात आहे, ती तपासावी, आणि वापरलेलं तेल गाडेवाल्याकडून चांगल्या भावाने विकत घ्यावं, म्हणजे ते ओतून देण्यात त्याचं नुकसान होणार नाही. बेकरीतल्या वनस्पती तुपाबाबत देशाने नियमाचाच मार्ग धरला. जानेवारी २०२२ पासून ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आली आणि त्यासाठी खारी-टोस्टचा भाव वाढवायची गरज पडली नाही.

कर राज्याने लावावा की केंद्राने, या प्रश्नावर सीमाभागातल्या माणसाने बोललंच पाहिजे, कारण फटका आधी आपल्याला बसतो. डेन्मार्कने ऑक्टोबर २०११ मध्ये स्निग्धांशावर कर लावला. लोणी, चीज, मटण महागलं आणि डॅनिश लोक हद्द ओलांडून जर्मनीत खरेदीला जाऊ लागले. दुकानदार ओरडले, आणि जेमतेम सव्वा वर्षात, २०१३ च्या सुरुवातीला, तो कर रद्द झाला. केरळने जुलै २०१६ मध्ये ब्रँडेड हॉटेलांतल्या बर्गर-पिझ्झासारख्या पदार्थांवर साडेचौदा टक्के कर लावला होता. पुढच्याच वर्षी जीएसटी आला आणि तो त्यात विरून गेला. बेळगावात बिस्किट महाग झालं आणि हद्दीपलीकडे महाराष्ट्रातल्या चंदगडात स्वस्त राहिलं तर दोन महिन्यांत मालाचे टेम्पो कुठून येतील हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. तेव्हा कर देशभर एकच हवा. राज्याच्या हाती कर नाही; सवलत आहे, आणि माझ्या मते खरी धार सवलतीतच आहे.

गरिबांवर कर बसतो, हा आक्षेप मला टाळायचा नाही. तो खरा आहे. पाच रुपयांचा पुडा सात रुपयांना झाला तर ते दोन रुपये सर्वात जास्त कुणाला टोचतील हे उघड आहे. नुसता कर लावून पैसा सरकारी खजिन्यात टाकायचा असेल तर मी त्या कराच्या विरोधात उभा राहीन. पण त्याच गरीब घरात मधुमेह शिरला की काय होतं हेही आपण पाहतो. गोळ्या, तपासण्या, डोळे, पाय, आणि शेवटी मूत्रपिंड. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, वैद्यकीय संशोधन परिषदेच्याच ‘आयसीएमआर-इंडियाब’ पाहणीत देशात १० कोटींवर मधुमेही आणि साडेतेरा कोटींवर मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे लोक असल्याचा अंदाज आला. हा खर्च बहुतेक घरं आपल्या खिशातून भरतात. कराच्या प्रत्येक रुपयाचा हिशेब भाजी, भाकरी, डाळ आणि अंडी स्वस्त करण्यात दिसला, तरच तो कर न्याय्य ठरेल.

हे स्वप्नरंजन नाही, कारण तुकड्यातुकड्यांनी ते आपल्याभोवती चालू आहे. कर्नाटकातल्या सरकारी आणि अनुदानित शाळांत सप्टेंबर २०२४ पासून आठवड्याचे सहा दिवस अंडं मिळतं. त्यातल्या चार दिवसांचा खर्च अझीम प्रेमजी फाउंडेशन तीन वर्षं १,५०० कोटी रुपये देऊन उचलतं आहे. अंडं न खाणाऱ्याला केळं. आपल्या मराठी शाळांतल्या मुलांनाही ते मिळतं. अंड्याची किंमत शून्य झाल्यावर मुलं अंडं खातात. त्यासाठी पोषणावर व्याख्यान द्यावं लागलं नाही. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जादा साखर-मीठ-तेलाचे पदार्थ विकू नयेत असा केंद्राचा २०२० चा नियमही आहे, पण तो पाळायचा तर फाटकाबाहेर दुसरं काही स्वस्त मिळायला हवं. तसंच इंदिरा कँटीन. पाच रुपयांत नाश्ता, दहा रुपयांत जेवण. म्हणजे पुड्याच्या किमतीत गरम ताट देणारी यंत्रणा बेळगावात उभी आहे. तिथला भर भात-सांबारावर आहे. जोंधळ्याची भाकरी, पालेभाजी आणि उसळ रोज ठेवायची तर भाकऱ्या बचत गटांच्या बायकांकडून घेता येतील. कडक रोटी करून विकणारे गट जिल्ह्यात आहेतच. त्यांना रोजचा ठरलेला गिऱ्हाईक मिळेल आणि ज्या तासाची किंमत आपण शून्य धरत होतो त्याचे रोख पैसे मिळतील.

आणि भाजी. रोज पहाटे बेळगावच्या बाजारातून भाजीच्या गाड्या गोव्याला जातात. गोव्याचं राज्य फलोत्पादन महामंडळ ती भाजी घेतं आणि गावोगावच्या आपल्या गाळ्यांवर अनुदान देऊन बाजारापेक्षा कमी दराने विकतं. कित्येक वर्षं हे चाललं आहे. म्हणजे आपल्या शिवारातली भाजी घाट उतरली की सवलतीत मिळते, आणि वडगावातल्या विणकराच्या बायकोला तीच भाजी गणपत गल्लीत पूर्ण भावाने घ्यावी लागते. गोव्याचं सरकार चुकतं आहे असं मी मुळीच म्हणत नाही. त्यांनी आपल्या माणसांसाठी जे केलं ते आमच्या सरकारने आमच्यासाठी करावं, एवढंच म्हणणं आहे. बेंगळुरूत सहकारी हॉपकॉम्सची दुकानं १९५९ पासून शेतकऱ्याची भाजी थेट विकत आली आहेत, तेव्हा राज्याला हे नवं नाही.

सीमाभागात निवडणूक कशावर लढवली जाते हे मला ठाऊक आहे, आणि भाषेसाठी आयुष्य घालवलेल्या माणसांबद्दल मला आदर आहे. पण येळ्ळूरच्या मराठी घरात आणि बैलहोंगलच्या कन्नड घरात मधुमेहाची गोळी एकच जाते. महापालिकेत आणि जिल्हा पंचायतीत दोन्ही भाषांच्या सदस्यांनी एकत्र येऊन मागावं असं हे काम आहे. गोव्याच्या धर्तीवर अनुदानित भाजीची दुकानं मागा. त्यात जोंधळा, नाचणी, कडधान्य आणि तयार भाकरीही ठेवा. शेतकऱ्याला हंगामाआधी ठरलेला किमान दर द्या, म्हणजे कोबीवर रोटर फिरणार नाही. पहिली दुकानं वडगाव, अनगोळ, मच्छे आणि उद्यमबागेच्या रस्त्यावर उघडा, सरकारी कचेरीच्या वेळेत नको, संध्याकाळी पाच ते रात्री नऊ, कारण कामावरून सुटलेली बाई त्याच वेळी बाजार करते.